सावरणाऱ्यांना सावरताना : शिक्षकांच्या मानसिक स्वास्थ्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

हवाई द्वीपसमूहातल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधकांनी जन्मापासून पुढे काही दशके मागोवा घेतला. त्यातली अनेक मुले गरिबीत वाढत होती. कुणाच्या घरी व्यसन होते, कुणाच्या घरी सततची भांडणे, कुणाचे आईवडील मानसिक आजाराने खचलेले. अशी अनेक संकटे एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे खंबीर, कर्तबगार आणि माणसे जोडणारी प्रौढ झाली. ती कशाच्या बळावर, हे शोधताना काही गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या. त्यांपैकी एक म्हणजे घराबाहेरचे, विश्वासाचे एखादे मोठे माणूस. बऱ्याचदा ते माणूस शाळेतल्या बाई किंवा सर असत.

मनाच्या उभारीचा शास्त्रीय अभ्यास असा मुलांपासून सुरू झाला आणि त्यात शिक्षकाची नोंद झाली ती मुलांचा आधार म्हणून. आधार देणाऱ्याला स्वतःला आधार कुठून मिळतो, हे विचारायला मात्र संशोधनाने बराच काळ घेतला. शिक्षकांची उभारी, त्यांनी घ्यायची स्वतःची काळजी आणि त्यांचे मानसिक स्वास्थ्य यांचा अभ्यास या प्रश्नाभोवती उभा राहिला आहे. या अभ्यासात मराठी वाचकाचे, आणि त्यातही रोज वर्गात उभ्या राहणाऱ्या वाचकाचे, मनापासून स्वागत करावे म्हणून ही प्रस्तावना.

एक भूमिका आरंभीच स्पष्ट करायला हवी. शिक्षकाची उभारी त्याच्या एकट्याच्या स्वभावात साठवलेली नसते. कामाची रचना, सहकारी, मुख्याध्यापक, घर आणि गाव यांच्याशी रोज होणाऱ्या व्यवहारातून ती घडते, आणि तिथेच ती खचतेही. म्हणून स्वतःची काळजी हा शिक्षकाचा खासगी छंद मानून चालणार नाही. तो या व्यवसायाचाच भाग आहे, आणि व्यवसायाच्या भागाची जबाबदारी व्यवसायातल्या सगळ्यांवर येते. पुढचे सारे विवेचन या एका सूत्राला धरून आहे.

या अभ्यासाला वेगवेगळ्या ज्ञानशाखांतून प्रवाह येऊन मिळाले. पहिला समाजशास्त्राचा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विलार्ड वॉलर यांनी १९३२ मध्ये अध्यापनाचे समाजशास्त्र मांडताना एक विलक्षण प्रश्न विचारला : शिकवण्याचा शिकवणाऱ्यावर काय परिणाम होतो? तोवर विचार होत होता तो शिकवण्याने मुलांचे काय होते याचा. पुढे १९७५ मध्ये डॅन लॉर्टी यांनी बॉस्टन परिसरातील शिक्षकांच्या मुलाखतींच्या आधारे दाखवले की या कामाचे खरे मोल पगारात किंवा बढतीत मोजले जात नाही. एखाद्या मुलापर्यंत आपण पोहोचलो या जाणिवेत शिक्षकाला ते मिळते. पण ही जाणीव फार अनिश्चित असते. पेरलेले उगवले की नाही हे कळायला वर्षे जातात, आणि तोवर प्रत्येक शिक्षक आपापल्या वर्गात एकटा असतो. या एकटेपणाची ओळख आपल्याकडच्या शिक्षकाला करून द्यावी लागत नाही. द्विशिक्षकी शाळेतला एक जण प्रशिक्षणाला गेला की उरलेल्या एकाच्या वाट्याला चारही इयत्ता येतात, आणि त्या दिवसाबद्दल बोलायला शाळेत दुसरे मोठे माणूस नसते.

दुसरा प्रवाह मानसशास्त्राचा. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात झटून काम करणाऱ्या स्वयंसेवकांत दिसणाऱ्या थकव्याचे वर्णन केले आणि ‘बर्नआउट’ हा शब्द अभ्यासात रुळला. ज्यांना कामाची सर्वाधिक तळमळ, तेच यात लवकर सापडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. पुढे शिक्षकांसाठी तिचे स्वतंत्र रूपही आले. इंग्लंडमध्ये ख्रिस किरियाकू आणि जॉन सटक्लिफ यांनी १९७७-७८ च्या सुमारास शिक्षकांच्या ताणाची व्याख्या केली. शिकवण्याच्या कामाशी निगडित कारणांमुळे वाट्याला येणारा राग, चिंता, हताशपणा अशा त्रासदायक भावनांचा त्यांनी तीत समावेश केला. ताणाला नाव मिळाले, माप मिळाले. मग त्याची कारणेही शोधता येऊ लागली.

मॅसलॅक यांनी सांगितलेली बर्नआउटची तीन अंगे शिक्षकांनी नीट समजून घ्यावीत, कारण ती गुपचूप येतात. पहिले अंग भावनिक थकव्याचे. रात्रभर झोपूनही तो उतरत नाही आणि रविवारी संध्याकाळपासूनच सोमवारचे ओझे जाणवू लागते. दुसरे अंग मुलांपासून मनाने दूर जाण्याचे. एरवी ज्याचे नाव, घर, आवडीनिवडी आपल्याला ठाऊक असतात तो मुलगा नुसता ‘मागच्या बाकावरचा’ होतो, आणि ‘ही पोरं सुधारणारच नाहीत’ हे वाक्य तोंडी बसते. तिसरे अंग कर्तृत्वाची जाणीव आटण्याचे : इतकी वर्षे शिकवले, त्यातून काय निष्पन्न झाले? दुसऱ्या अंगाकडे सहसा शिक्षकाचा दोष म्हणून पाहिले जाते. अभ्यास मात्र सांगतो की उरलेली शक्ती जपण्यासाठी थकलेल्या मनाने उभारलेली ती भिंत असते. ही समज आली की अशा सहकाऱ्याला बोल लावण्याआधी आपण त्याची विचारपूस करू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती, अशी ती नोंद आहे. तिचे मूळ कुठे शोधायचे, हे या नोंदीतच आले.

तिसरा प्रवाह भावनांच्या श्रमांचा. आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून दाखवले की काही नोकऱ्यांत चेहऱ्यावरचे हसू आणि आवाजातला गोडवा हाही कामाचाच भाग असतो. त्याला कष्ट पडतात, पण त्याची गणती होत नाही. शिक्षकाचा दिवस या श्रमांनी भरलेला असतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचे वर्गासमोर ऐकून घ्यायचे आणि पुढच्या क्षणी त्याच वर्गाला हसतमुखाने कविता शिकवायची. घरी आजारी आई ठेवून यायचे आणि पहिलीतल्या रडणाऱ्या मुलाला कडेवर घ्यायचे. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरे, असे फार काळ वागावे लागले की थकवा वाढतो, असे नंतरच्या अनेक अभ्यासांत आढळले आहे.

हे प्रवाह एकत्र वाचण्यासाठी २००१ मध्ये एव्हॅन्जेलिया डेमेरूटी, आर्नोल्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपयुक्त चौकट दिली. प्रत्येक कामात काही मागण्या असतात आणि काही संसाधने. मागण्या वाढत गेल्या आणि संसाधने आटली की माणूस थकतो. मागण्या मोठ्या असूनही हाताशी स्वातंत्र्य, सहकाऱ्यांची साथ, योग्य दाद आणि शिकण्याची संधी असली की तोच माणूस उमेदीने काम करतो. फिनलंडमधल्या दोन हजारांहून अधिक शिक्षकांवरील अभ्यासाने २००६ मध्ये या चौकटीला दुजोरा दिला. मराठी वाचकाने ही चौकट आपल्या शाळेला लावून पाहावी, कारण इथे मागण्यांची यादी लांब आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक बीएलओ म्हणून मतदारयाद्या दुरुस्त करतो, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा आणि भाजीपाल्याची बिले सांभाळतो, यू-डायस या शासकीय प्रणालीत शाळेची माहिती भरतो, मुलांचे आधार क्रमांक जुळवतो, आणि व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री आलेल्या ‘माहिती तत्काळ सादर करावी’ या संदेशाला उत्तर देतो. कोविडच्या काळात तो घरोघरी सर्वेक्षणही करत होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला शिक्षणेतर काम देऊ नये. कोणते काम शैक्षणिक आणि कोणते अशैक्षणिक, याचे वर्गीकरण राज्य शासनाने २०२४ मध्ये शासननिर्णय काढून केले. तरी शिक्षकांच्या गप्पांत ‘आम्हाला शिकवू द्या’ हे वाक्य अजून ऐकू येते. त्यातली वेदना कामाच्या प्रमाणाइतकीच कामाच्या अर्थाची आहे. अवघड गणित समजावताना येणारा थकवा आणि तोच तक्ता तिसऱ्यांदा भरताना येणारा थकवा मनाला सारखा लागत नाही. पहिल्यात समाधानाची शक्यता असते.

अनिश्चिततेचा भार वेगळाच. नव्याने लागलेल्याला शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. २००१ मध्ये राज्याने शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानग्या देण्याचे धोरण आणले. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द गेला आणि पुढे वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदानाचा प्रश्न रेंगाळत राहिला. या शाळांतल्या अनेक शिक्षकांनी उमेदीची वर्षे तुटपुंज्या वेतनावर, आंदोलनांसाठी मुंबईतल्या आझाद मैदानाच्या फेऱ्या मारत घालवली. संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे ठरवताना, अतिरिक्त ठरण्याची धास्ती, बदलीची यादी, वेगवेगळ्या तालुक्यांत नोकरी करणारे पती-पत्नी, हेही मानसिक स्वास्थ्याचेच विषय आहेत. श्वासाचे व्यायाम चांगले आहेत. पण ज्याचा पगारच ठरलेला नाही त्याला फक्त श्वासाचे व्यायाम सांगणे हा अन्याय आहे.

मागण्यांची आणखी एक बाजू कागदावर येतच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावांत दिवाळीच्या आसपास वर्ग रिकामा होऊ लागतो. कोणती मुले परत येतील आणि कोणत्या मुलीचे लग्न तोवर उरकलेले असेल, ही काळजी शिक्षिका सोबत घेऊन घरी जाते. विदर्भात आणि मराठवाड्यात वडिलांची आत्महत्या पाहिलेले मूल वर्गात येऊन बसते. त्या मुलाशी काय बोलावे हे शिक्षकाला कुणी शिकवलेले नसते. तरी तो बोलतो, किंवा नुसता जवळ बसतो. दुसऱ्याचे दुःख सतत जवळून पाहणाऱ्याच्या मनावर त्याचे वळ उठतात, हे डॉक्टर आणि समुपदेशकांच्या बाबतीत आपण मान्य करतो. शिक्षकाच्या बाबतीतही ते मान्य करायला हवे.

मग काही शिक्षक एवढ्या सगळ्यात टिकतात कसे? इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर डे, चिंग गू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर शाळांमधल्या तीनशे शिक्षकांचा काही वर्षे पाठपुरावा केला. त्यांना आढळले की उभारी ही काही निवडक शूर माणसांची देणगी नसते. ती नोकरीच्या टप्प्याप्रमाणे, घरच्या परिस्थितीप्रमाणे आणि मुख्याध्यापक बदलला की बदलते. विश्वास टाकणारा मुख्याध्यापक, बोलता येतील असे सहकारी आणि मुलांशी जुळलेले नाते हे तिचे मोठे आधार ठरले. मोठ्या संकटातून उठण्याइतकीच रोज सकाळी नव्या मनाने वर्गात शिरण्याची क्षमता त्यांनी महत्त्वाची मानली.

आपल्या इतिहासात याची साक्ष आहे. पुण्याच्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई आणि त्या सोबत जादा लुगडे नेत, ही हकिगत आपण मुलांना धैर्याचा धडा म्हणून सांगतो. तिच्या जोडीला त्यांचे ऑक्टोबर १८५६ मधले पत्रही सांगायला हवे. आजारी पडल्यामुळे सावित्रीबाई तेव्हा नायगावला माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिताना त्यांना काळजी आहे ती फातिमा शेख यांची : सगळा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही. या पत्रात आजारपणात कामापासून दूर राहून बरी होणारी शिक्षिका आहे, तिची जागा सांभाळणारी सहकारी आहे, त्या सहकारीच्या थकव्याची जाण आहे, आणि हे सगळे ज्याला मोकळेपणाने सांगता येते असा जोडीदार आहे. सावित्रीबाईंचे धैर्य या साथीने उभे होते. विश्रांती आणि साथ बाजूला काढून आपण फक्त धैर्याचा वारसा सांगितला, तर पुढच्या शिक्षिकेकडून एकटीने लढण्याची अपेक्षा करत राहू.

आता स्वतःच्या काळजीकडे वळू. ती शरीरापासून सुरू होते. दिवसभर वापरलेल्या घशाला विश्रांती आणि पाणी लागते. पण अनेक शिक्षिका शाळेत पाणी कमी पितात, कारण तिथे स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृह नसते. ‘भरपूर पाणी प्या’ हा साधा सल्लासुद्धा शाळेच्या इमारतीपाशी येऊन अडतो. स्वतःच्या काळजीचा प्रत्येक उपाय वाचताना हा प्रश्न सोबत ठेवावा : हे करता यावे म्हणून माझ्या शाळेत काय असायला हवे?

विचारांच्या पातळीवर महाराष्ट्राला एक भक्कम परंपरा लाभली आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांनी इथे रुजवली. तिचे सांगणे असे की प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाविषयीचा आपला दुराग्रह आपल्याला अधिक खचवतो. ‘माझ्या वर्गातले प्रत्येक मूल वाचते व्हावे’ ही उत्तम इच्छा आहे. ‘एकही मूल मागे राहिले तर मी शिक्षक म्हणून नालायक’ हा दुराग्रह आहे. पहिलीतून प्रयत्न सुचतात, दुसऱ्यातून स्वतःचा धिक्कार. ज्यांची तळमळ मोठी, त्यांना हा फरक जपण्याची गरजही मोठी.

शिक्षकांसाठी आखलेल्या कार्यक्रमांनी फरक पडतो, याचे पुरावेही आहेत. न्यूयॉर्क शहरातल्या ३६ प्राथमिक शाळांमध्ये २२४ शिक्षकांसोबत केलेल्या ‘केअर’ या कार्यक्रमाचे निष्कर्ष पॅट्रिशिया जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. सजगता आणि भावना हाताळण्याची कौशल्ये शिकलेल्या शिक्षकांचा मानसिक त्रास कमी झाला आणि त्यांच्या वर्गातले वातावरणही अधिक आश्वासक झाले. कॅनडातल्या २०१६ च्या एका अभ्यासात अधिक थकलेल्या शिक्षकांच्या वर्गातील मुलांत सकाळच्या वेळी कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण अधिक आढळले. त्यावरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगता येत नाही. पण शिक्षकाचे मन आणि मुलाचे मन एकाच वर्गात राहते, एवढे दिसते. तरीही मुलांना फायदा होतो म्हणून शिक्षकाला सुखी ठेवा, हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. शिक्षक माणूस आहे. त्याच्या स्वास्थ्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

काही वेळा स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे बळ पुरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच रस वाटेना, झोप आणि भूक बिघडली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले तर तो नुसता कामाचा थकवा नसेल. नैराश्यही असू शकते, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा आणि गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ‘गावात कळले तर पालक काय म्हणतील’ या भीतीने शिक्षक डॉक्टरांकडे जायचे टाळतात. ही भीती खरी आहे, म्हणून तिच्यावरचा उपायही सगळ्यांनी मिळून करायचा आहे. मानसिक आजाराविषयी मोकळेपणाने आणि आदराने बोलणारी शाळा मुलांनाही तेच शिकवते.

व्यवस्थेने करायच्या गोष्टी काही अज्ञात नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनेस्को यांनी १९६६ मध्येच शिक्षकांच्या दर्जाविषयीच्या शिफारशींत कामाचे तास, वर्गाचा आकार, रजा आणि वेतन यांचा विचार मांडला आहे. मुख्याध्यापक उद्यापासून करू शकतो अशाही गोष्टी आहेत : शाळा सुटल्यानंतर संदेश न पाठवणे, चूक एकांतात सांगणे आणि चांगले काम चारचौघांत, नव्या शिक्षकाला एक अनुभवी जोडीदार देणे. परिसरातल्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरतेच. तिथला अर्धा तास परिपत्रकांऐवजी ‘या महिन्यात कोणत्या मुलाने तुम्हाला पेचात टाकले?’ या प्रश्नाला दिला, तर वर्गातले एकटेपण तिथे थोडे तरी वाटून घेता येईल.

या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांना एक सावधगिरी सांगायला हवी. इथे सांगितलेले बहुतेक संशोधन अमेरिका, युरोप आणि कॅनडातले आहे. त्याच्या चौकटी कामाच्या आहेत, पण पहिली ते चौथीचे वर्ग एकत्र शिकवणारा शिक्षक, आश्रमशाळेत रात्रीही मुलांची जबाबदारी वाहणारे अधीक्षक, अंगणवाडीताई, किंवा पहाटे घरचा स्वयंपाक उरकून दोन एसट्या बदलत शाळा गाठणारी शिक्षिका यांचे अनुभव त्या चौकटींत अजून पुरेसे आलेले नाहीत. दुसरी सावधगिरी उभारीच्या स्तुतीविषयी. शिक्षक तग धरतात म्हणून त्यांच्यावर आणखी भार टाकावा, असा अर्थ कुणी काढला तर या अभ्यासाचा हेतूच उलटा होईल.

म्हणून मराठी शिक्षकांना आग्रहाची विनंती आहे की त्यांनी या विषयाचे केवळ वाचक राहू नये. आठवड्याचा किती वेळ शिकवण्यात गेला आणि किती कागदांत, कशाने खचल्यासारखे झाले, कुणाच्या कोणत्या शब्दाने बळ आले, याच्या साध्या नोंदी ठेवाव्यात. शक्य तिथे दोघा-चौघांनी मिळून ठेवाव्यात, आणि केंद्राच्या बैठकीत, अध्यापक महाविद्यालयात, शैक्षणिक मासिकांत त्यांची चर्चा घडवावी. अशा नोंदींतून दोन कामे एकदम होतील. लिहिणाऱ्याला कळेल की हा थकवा आपल्या एकट्याचा नाही. आणि धोरण आखणाऱ्यांसमोर मागण्या व संसाधने यांचा असा हिशेब येईल जो त्यांना सहज बाजूला सारता येणार नाही. मुलांना सावरणाऱ्यांनी एकमेकांना सावरण्याची रीत घालून घ्यावी आणि तिला लागणारा वेळ, जागा व सन्मान हक्काने मागावा. या अभ्यासाचे प्रयोजन तेच आहे, आणि त्यात प्रत्येक शिक्षकाला जागा आहे.